नांदूर शिंगोटेचे भागोजी नाईक : १८५७ चा आपल्या जवळचा लढा



इतिहासाच्या तासाला १८५७ चा उठाव आला की आपण फळ्यावर मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी अशी गावं लिहितो. मुलं ती पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. यात मुलांचा दोष नाही. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरच्या मुलाला ही सगळी गावं सारखीच लांबची. म्हणून आज अशा एका माणसाची माहिती देत आहे, ज्यांचं गाव आपल्या मुलांना जिल्ह्याच्या नकाशाच्या थोडं पलीकडे बोट ठेवून दाखवता येईल. ते म्हणजे भागोजी नाईक.

भागोजी नाईक कोण होते?

नाशिक-पुणे रस्त्यावर सिन्नर आणि संगमनेरच्या मध्ये नांदूर शिंगोटे हे गाव आहे. तेच भागोजींचं गाव. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्याआधी हा भाग अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मोडत होता.

भागोजी भिल्ल समाजातले. नाईक हे आज आपण आडनाव म्हणून वाचतो, पण मुळात तो मान होता. आपल्या माणसांचा म्होरक्या, तो नाईक. मुलांना नवल वाटेल अशी गोष्ट म्हणजे भागोजी आधी इंग्रजांच्याच नगर जिल्ह्याच्या पोलिसांत अधिकारी होते. ही इंग्रजांची ठरलेली रीत होती. ज्यांना डोंगराची वाट न् वाट पाठ, त्यांनाच नोकरीत घ्यायचं आणि डोंगर ताब्यात ठेवायचा. खानदेशात १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभी केली, तीही याच विचारानं.

१८५५ मध्ये मात्र चित्र पालटलं. दंगा केला आणि पोलिसांच्या कामात अडथळा आणला, या आरोपावरून भागोजींना तुरुंगवासाची शिक्षा झाली. सुटून आल्यावरही सरकारनं त्यांच्याकडून एका वर्षाच्या चांगल्या वागणुकीचा जामीन घेतला. काल ज्याच्या अंगावर सरकारी पट्टा होता, त्याच्यावर आज सरकारची नजर. गावात त्यांचं वजन मात्र कमी झालं नव्हतं.

एक हुकूम आणि एक टेकडी

जामिनाचं वर्ष संपलं आणि थोड्याच दिवसांत लोकांकडची हत्यारं काढून घ्यायचा सरकारी हुकूम निघाला. उत्तरेत उठाव पेटला होता, इंग्रज धास्तावले होते. डोंगरात राहणाऱ्या माणसाला हत्यार म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या पालकांना सांगायला नको. शिकार, राखण आणि इभ्रत, तिन्ही त्यात आलं. भागोजींनी गाव सोडलं. बघता बघता पन्नासएक माणसं त्यांच्यासोबत जमली. गावापासून साधारण मैलभर अंतरावर, नाशिक-पुणे रस्ता नजरेच्या टप्प्यात राहील अशा जागी त्यांनी ठाण मांडलं.

४ ऑक्टोबर १८५७. पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री नांदूर शिंगोटेला आले. त्यांच्यासोबत आणखी दोन इंग्रज अधिकारी, तीस पोलीस आणि तलवारी घेतलेले महसूल खात्याचे वीस शिपाई होते. म्हणजे दोन्हीकडची संख्या जवळपास सारखीच. हेन्रींनी आधी सिन्नर आणि अकोल्याच्या (आताचं अकोले) मामलेदारांमार्फत भागोजींना शरण येण्याचा निरोप पाठवला.

भागोजींचं उत्तर काय होतं, हे मुलांना जरूर सांगा. त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. दोन वर्षांचा थकलेला पगार द्या आणि पुढे पोट भरण्याची काहीतरी सोय करा. त्याशिवाय शरण येणार नाही. १८५५ पासून १८५७ पर्यंत बोटांवर मोजलं तर दोन वर्षांचा हिशेब बरोबर जुळतो.

ही मागणी मान्य झाली नाही. पोलिसांना चढाईचा हुकूम मिळाला. पहिलीच गोळी हेन्रींच्या अगदी मागे असलेल्या माणसाला लागली आणि तो ठार झाला. अधिकारी घोड्यावरून उतरून पायी पुढे निघाले. थोडं अंतर गेले असतील नसतील, तोच झुडपांच्या आणि दगडांच्या आडून एकदम गोळ्यांचा वर्षाव झाला. हेन्री जखमी होऊन पडले, उठले, पुन्हा पुढे सरकले आणि छातीत गोळी लागून कोसळले. ती जखम त्यांच्या जिवावर बेतली. त्यांच्या साथीदारांनी हल्ला चालू ठेवला, तेव्हा भागोजी आणि त्यांची माणसं मागे हटली.

लढाई एवढीच. तोफा नाहीत, हत्ती-घोड्यांचं सैन्य नाही. एक रस्ता, थोडी झुडपं आणि दगड. पण जिल्ह्याच्या पोलिसांचा प्रमुखच पडला, ही बातमी वाडी-वस्तीवर पसरली आणि सगळा भिल्ल समाज पेटून उठला. राहुरीकडे पाथर्जी नाईकांनी शंभरएक माणसांची टोळी उभी केली. दोनच आठवड्यांनी, १८ ऑक्टोबरला, समशेरपूरच्या डोंगरात भागोजींची गाठ लष्कराशी पडली. तिथेही दोन इंग्रज अधिकारी जखमी झाले.

आपल्या शेजारी काय घडत होतं?

मोखाड्याची हद्द ओलांडली की त्र्यंबक-हरसूलचा भाग लागतो, त्याच्या पलीकडे पेठ. डिसेंबर १८५७ मध्ये इथेही उठाव झाला. हरसूलचा बाजार लुटला गेला, पेठचे भगवंतराव राजे फासावर गेले. ज्या बाजारांची नावं आपली मुलं घरात रोज ऐकतात, तिथपर्यंत १८५७ पोचलं होतं.

आता थोडी अवघड गोष्ट. भागोजींचा पाठलाग करायला इंग्रजांनी डोंगरातल्या कोळ्यांची पलटण उभारली. कॅप्टन नटॉल हे तिचे प्रमुख होते आणि तिची संख्या पुढे सहाशेपर्यंत गेली. तिच्यात प्रामुख्यानं महादेव कोळी समाजाची माणसं होती. याच समाजाच्या राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी १८४८ मध्ये ठाण्याला फाशी दिली होती, त्याला दहा वर्षंही झाली नव्हती. जव्हारचं संस्थानही महादेव कोळी समाजाच्या मुकणे घराण्याचं.

ही गोष्ट वर्गात सांगायला जड जाते, कारण आपल्या बाकांवर अनेक आदिवासी समाजांची मुलं शेजारी शेजारी बसतात. पण ती लपवू नये, असं मला वाटतं. फक्त एक विचार जोडून सांगावा. पलटणीत गेलेल्यालाही महिन्याचा पगारच हवा होता आणि टेकडीवर बसलेल्यालाही पगारच हवा होता. दोघांची भूक एकच होती. ती भूक वापरून एकाला दुसऱ्याच्या मागे लावणारा मात्र तिसराच होता. हे मुलांना समजलं की समाजा-समाजात तेढ होत नाही, उलट डोळे उघडतात.

शेवटची दोन वर्षं

नांदूर शिंगोटेनंतर भागोजी दोन वर्षं डोंगर-दऱ्यांत लढत राहिले. ५ जुलै १८५९ रोजी संगमनेरच्या आग्नेयेला आंभोऱ्याच्या दऱ्यात नटॉल यांनी त्यांच्या माणसांना गाठलं. त्या चकमकीत भागोजींचा मुलगा यशवंत मारला गेला आणि साथीदार हरजी नाईक पकडले गेले. पोटचा मुलगा गेला, तरी भागोजी शरण गेले नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी कोपरगावच्या बाजूला मोठी लूट केली.

११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यातल्या मिठसागरे इथे पोलीस अधिकारी फ्रँक सूटर यांनी त्यांना घेरलं. अगदी जवळून लढाई झाली आणि भागोजी आपल्या अनेक साथीदारांसह लढता लढता पडले. कोळ्यांची पलटण १८६१ मध्ये मोडण्यात आली. तिचंही काम संपलं होतं.

मुलांसमोर कसं मांडावं?

मुलं हमखास विचारतात, सर, मग ते चोर होते का? पालकांनाही घरी हा प्रश्न येईल. आपल्याकडे लेखी जे आलं, ते इंग्रजांच्या कागदांतून. १८८३ साली छापलेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये भागोजींची हकिकत सरकारच्या बाजूनं लिहिलेली आहे. त्यामुळे तिथे ते टोळीवाले ठरतात. गंमत अशी, की त्याच कागदांनी त्यांची पगाराची आणि पोटापाण्याची मागणीही जपून ठेवली. लूट झाली हे खरं. त्याआधी मागणं होतं, तेही खरं. दोन्ही सांगावं आणि मुलांना विचार करू द्यावा.

काही जणांना वाटेल, पगार मागणारा माणूस स्वातंत्र्यवीर कसा? मला वाटतं, इथेच खरा धडा आहे. स्वातंत्र्य हा शब्द चौथी-पाचवीच्या मुलाला मोठा पडतो. पण केलेल्या कामाचे पैसे मिळायला हवेत, हे त्याला लगेच कळतं. वीटभट्टीवरून परत आलेल्या आई-बापाचा हिशेब त्यानं ऐकलेला असतो. भागोजींची मागणी लहान नव्हती. ती न ऐकणारं सरकार परकं होतं आणि ते हटलं पाहिजे, ही समज लाखो लोकांत अशाच साध्या मागण्यांतून तयार होत गेली.

वर्गात इतकं करता येईल. नकाशावर नांदूर शिंगोटे, समशेरपूर, मिठसागरे, हरसूल आणि पेठ शोधायला लावा. १८५५, १८५७ आणि १८५९ या तीन सालांची कालरेषा काढून घ्या. मग एका गटाला भागोजी करा, दुसऱ्याला मामलेदार, आणि निरोपाची बोलणी मुलांनाच करू द्या. मामलेदारांच्या गटाला शेवटी एवढंच विचारा : पगार दिला असता, तर काय झालं असतं?