ऑटो की मॅन्युअल? ॲन्सेल ॲडम्स यांच्या आयुष्यात सापडणारं उत्तर

कॅमेऱ्यांविषयी लिहायला लागल्यापासून मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. प्रोफेशनल फोटोग्राफरने ऑटो मोड वापरला तर चालतो का, की डायल कायम 'एम' वरच हवा?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात पोटापाण्याचा भाग आहे. लग्नाची पहिलीच ऑर्डर घेतलेल्या मुलाला कुणीतरी सिनियर ठणकावून सांगतो, की मॅन्युअल जमत नसेल तर तू फोटोग्राफरच नाहीस. मग तो एम मोडवर आकडे जुळवत बसतो आणि तेवढ्यात अंतरपाट दूर होऊन हार घालून होतात. तो क्षण काही परत येत नाही. दुसरीकडे, कॅमेराच आता एवढा हुशार झालाय तर हे सगळं शिकायचं कशाला, असं म्हणणारेही भेटतात. त्यांच्या फोटोत काळा सूट राखाडी येतो आणि नवरीच्या शालूची जर पांढरीफटक पडते.

या वादात मला नेहमी एका माणसाची आठवण होते. त्याचं नाव ॲन्सेल ॲडम्स. अमेरिकेतल्या डोंगरदऱ्यांचे त्यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेच असतील. मॅन्युअल वापरणाऱ्यांचे ते आद्य गुरू मानले जातात. पण त्यांचं आयुष्य जरा नीट पाहिलं, तर उत्तर वेगळंच निघतं.

पियानोवाला मुलगा

ॲडम्स यांचा जन्म २० फेब्रुवारी १९०२ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झाला. १९०६ च्या प्रसिद्ध भूकंपानंतर आलेल्या एका धक्क्यात चार वर्षांचा ॲन्सेल बागेतल्या भिंतीवर आपटला आणि त्याचं नाक मोडलं. ते जन्मभर वाकडंच राहिलं. शाळेत हा मुलगा रमला नाही. बारा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला सुरुवात केली. त्याच सुमारास तो पियानोकडे वळला आणि पुढे बरीच वर्षं त्याला पियानोवादकच व्हायचं होतं.

हे सांगायचं कारण आहे. पियानोचा रियाझ म्हणजे रोज तेच ते सूर, तीच बोटं, तोच दाब. मैफलीत बोटांकडे लक्ष द्यावं लागू नये म्हणून घरी तासन् तास बोटांकडेच लक्ष द्यायचं. ही सवय पुढे त्यांच्या कॅमेऱ्यात उतरली.

१९१६ साली घरची मंडळी योसेमिटी खोऱ्यात फिरायला गेली आणि वडिलांनी त्याच्या हातात कोडॅकचा बॉक्स ब्राउनी कॅमेरा दिला. हा अगदी साधा खोका. फोकस कायमचा ठरलेला, एक्स्पोजरचं फारसं काही ठरवायचं नाही, खटका दाबायचा की झालं. म्हणजे मॅन्युअलच्या या गुरूची सुरुवात अशा कॅमेऱ्याने झाली, ज्यात मॅन्युअल करण्यासारखं जवळजवळ काही नव्हतंच!

शेवटची काच, लाल फिल्टर

पुढची अकरा वर्षं दर उन्हाळ्यात योसेमिटीची वारी चालू राहिली. १९१९ साली ते निसर्गरक्षणाचं काम करणाऱ्या सिएरा क्लबचे सभासद झाले. १० एप्रिल १९२७ रोजी ते काही मित्रांसोबत हाफ डोम नावाच्या प्रचंड कातळकड्यासमोर चढून गेले. पाठीवर अवजड व्ह्यू कॅमेरा आणि फक्त बारा काचेच्या प्लेट्स. तेव्हा फिल्मऐवजी काचेवर फोटो घेत, त्यामुळे एक प्लेट म्हणजे एकच फोटो.

कड्यासमोर पोहोचेपर्यंत दोनच प्लेट्स उरल्या होत्या. पहिली त्यांनी पिवळा फिल्टर लावून वापरली. एक्स्पोजर बरोबर होतं. पण त्यांच्या लक्षात आलं, की या प्लेटवर आकाश साधं राखाडी येईल. त्यांना तर कडा अंगावर आल्यासारखा वाटत होता आणि आकाश जवळजवळ काळं दिसायला हवं होतं. मग शेवटच्या प्लेटला त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. लाल फिल्टर निळा प्रकाश अडवतो, म्हणून निळं आकाश काळं पडतं. पण तो एकूण प्रकाशही खूप खातो, त्यामुळे एफ/२२ वर तब्बल ५ सेकंद एक्स्पोजर द्यावं लागलं.

'मोनोलिथ' नावाने हा फोटो गाजला. तांत्रिकदृष्ट्या पहिली प्लेटही चुकीची नव्हती. आज ऑटो मोडने तोच फोटो काढला तर तो साधारण पहिल्या प्लेटसारखा येईल. दुसऱ्या प्लेटवर जे आलं ते आधी त्यांच्या डोक्यात तयार झालं होतं. खटका दाबण्याआधीच अंतिम प्रिंट मनात पाहायची, या सवयीला त्यांनी पुढे व्हिज्युअलायझेशन असं नाव दिलं आणि आयुष्यभर तेच शिकवलं.

१९३० च्या सुमारास पियानो मागे पडला आणि फोटोग्राफी हेच काम ठरलं. १९३२ मध्ये एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम अशा मंडळींबरोबर त्यांनी ग्रुप एफ/६४ सुरू केला. नावातच त्यांचा आग्रह होता: अगदी बारीक ॲपर्चर ठेवायचं, म्हणजे जवळचा दगड आणि लांबचा डोंगर दोन्ही रेखीव दिसतात.

मीटरला फक्त राखाडी कळतो

आता या गोष्टीतला सगळ्यात कामाचा भाग. १९३९-४० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना ॲडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी झोन सिस्टिम मांडली. नाव ऐकून घाबरू नका, कल्पना सोपी आहे.

लाइट मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. तो फक्त प्रकाश मोजतो आणि समोरची वस्तू मध्यम राखाडी आहे असं गृहीत धरून आकडे देतो. बर्फ दाखवा, बर्फ राखाडी. कोळसा दाखवा, कोळसाही राखाडी. दोघांनी मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते १० असे अकरा झोन पाडले. मध्यम राखाडी म्हणजे झोन ५. एक झोन वर गेलं की प्रकाश दुप्पट, म्हणजे एक स्टॉप जास्त. बर्फाचा पोत दिसायला हवा, तर तो झोन ७ वर पाहिजे. म्हणून मीटर सांगेल त्यापेक्षा दोन स्टॉप जास्त द्यायचे. काळ्या कपड्याच्या चुण्या दिसायला हव्यात, तर झोन ३, म्हणजे दोन स्टॉप कमी.

थोडक्यात, मीटर मोजणार आणि जागा माणूस ठरवणार. झोन सिस्टिमचं सगळं सार यात आलं. आजच्या कॅमेऱ्यात अनेक भागांचं मीटरिंग आहे, चेहरा ओळखणं आहे, म्हणून अंदाज पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगला येतो. पण तो अंदाजच. समोर पांढरी भिंत आहे की उन्हात उजळलेली करडी भिंत, हे ठरवताना कॅमेरा अजूनही फसतो.

मीटर सापडलाच नाही तेव्हा

१९४१ च्या शरद ऋतूत ॲडम्स त्यांचा आठ वर्षांचा मुलगा मायकल आणि मित्र सेड्रिक राइट यांच्यासोबत न्यू मेक्सिकोतून गाडीने परतत होते. हर्नांडेझ नावाच्या खेड्याजवळ त्यांना एक दृश्य दिसलं. डोंगरांवर चंद्र उगवलेला, खाली दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रूसांवर मावळतीचं शेवटचं ऊन. गाडी थांबवून त्यांनी धावपळ करत मोठा ८ बाय १० इंची कॅमेरा उभा केला. आणि लाइट मीटर काही सापडेना.

ऊन कोणत्याही क्षणी जाणार होतं. पण त्यांना एक आकडा पाठ होता: चंद्राची चकाकी दर चौरस फुटाला २५० कँडल. पुढचं गणित असं.

चंद्राचा पोत हवा, म्हणून चंद्र झोन ७ वर. झोन ५ दोन स्टॉप खाली, म्हणजे २५० चा चौथा भाग, साधारण ६०. फिल्मचा स्पीड ६४, त्याचं वर्गमूळ ८. त्यांच्या नेहमीच्या सूत्राप्रमाणे एफ/८ वर सेकंदाचा साठावा भाग. पिवळ्या फिल्टरमुळे तिप्पट प्रकाश हवा, म्हणून विसावा भाग. पण जवळचं-लांबचं सगळं रेखीव हवं, म्हणून ॲपर्चर एफ/३२. हे चार स्टॉप कमी, म्हणजे वेळ सोळा पट: साधारण १ सेकंद.

त्यांनी १ सेकंदाचं एक्स्पोजर दिलं. दुसरा फोटो घेण्यासाठी फिल्म होल्डर फिरवला तोवर क्रूसांवरचं ऊन गेलेलं होतं. तो एकच फोटो हाती लागला आणि तो म्हणजे 'मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको'.

मॅन्युअलचे भक्त हा किस्सा नेहमी सांगतात. पण मला त्यात दुसरंच दिसतं. मीटर हाताशी असता, तर त्यांनी तो नक्कीच वापरला असता. यंत्र नव्हतं तेव्हा त्यांना वाचवलं ते यंत्रामागचं गणित ठाऊक असण्याने, आणि ते गणित काही सेकंदांत करता येण्याइतका रियाझ असण्याने.

कॅमेरा बंद झाला तरी त्यांचं काम संपत नसे. या निगेटिव्हचा खालचा भाग फार फिका होता, म्हणून १९४८ मध्ये त्यांनी तो रसायनाने गडद करून घेतला. आकाश किती काळं ठेवायचं, हे प्रिंटगणिक बदलत गेलं. या एका निगेटिव्हच्या त्यांनी तेराशेच्या वर प्रिंट काढल्या असं सांगतात. निगेटिव्ह ही संगीताची लिहिलेली संहिता आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं ते समजावत. शेवटी पियानोवालाच तो!

आणि तोच माणूस पोलरॉइडचा सल्लागार

आता गंमत पाहा. खटका दाबल्यावर फोटो आपोआप तयार होऊन मिळावा, ही कल्पना प्रत्यक्षात आणली एडविन लँड यांच्या पोलरॉइड कंपनीने. आणि १९४९ पासून ॲडम्स तिचे सल्लागार होते! तिथे डार्करूमची भानगडच नाही. लोकांना वाटेल, मॅन्युअलचा गुरू अशा गोष्टीला नाक मुरडेल. त्यांनी उलट ती फिल्म पारखून पाहिली, तिच्या खोड्या शोधल्या, सुधारणा सुचवल्या आणि तिच्यावर पुस्तकही लिहिलं. १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचं अधिकृत छायाचित्र त्यांनी काढलं, तेही पोलरॉइडच्या २० बाय २४ इंची कॅमेऱ्यावर.

१९८१ मध्ये 'द निगेटिव्ह' या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना, फोटोग्राफीचा पुढचा टप्पा इलेक्ट्रॉनिक असेल हेही त्यांनी ओळखलं होतं आणि त्याविषयी त्यांना उत्सुकता होती. २२ एप्रिल १९८४ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी ते गेले. त्याच्या आदल्याच वर्षी निकॉनचा एफए हा कॅमेरा आला होता. चित्राचे भाग पाडून, त्यांची तुलना करून एक्स्पोजर ठरवणारा तो पहिला कॅमेरा. म्हणजे झोनचा विचार यंत्रात उतरायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती.

मग आज काय करायचं?

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. एम मोडवर जाऊन मीटरचा काटा शून्यावर आणला की मॅन्युअल झालं, असं अनेकांना वाटतं. पण तो शून्य कॅमेऱ्यानेच ठरवलेला आहे. ऑटो मोड जे एका झटक्यात करतो, तेच तुम्ही हाताने सावकाश केलंत, एवढंच. आणि ॲपर्चर प्रायॉरिटीवर राहून, समोर पांढरे कपडे जास्त आहेत म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन प्लस दीड केलंत, तर निर्णय तुमचा झाला. ॲडम्स यांच्या जास्त जवळ हा दुसरा फोटोग्राफर आहे.

मी साधारण असं ठरवतो.

ॲपर्चर प्रायॉरिटी: प्रकाश सतत बदलतोय आणि माणसं हलतायत तेव्हा. वरात उन्हातून मांडवात शिरताना आकडे बदलत बसू नका. बोट फक्त कॉम्पेन्सेशनच्या डायलवर ठेवा.

मॅन्युअल आणि ऑटो आयएसओ: शटर आणि ॲपर्चर दोन्ही पक्के हवेत, पण प्रकाश डळमळीत आहे तेव्हा. कबड्डीचा सामना किंवा स्टेजवरचा नाच यासाठी उत्तम.

पूर्ण मॅन्युअल: प्रकाश स्थिर आहे किंवा मीटर हमखास फसणार आहे तेव्हा. स्टुडिओ फ्लॅश, पॅनोरमा, फटाके आणि अर्थातच चंद्र. काळ्या आकाशाला राखाडी करण्याच्या नादात ऑटो मोड चंद्राची पांढरी टिकली करतो.

हॉलमधल्या काही एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे येतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने असे दिवे बहुधा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर सेकंदाचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग ठेवलं की पट्टे बहुतेक वेळा जातात. इथेही शटर स्वतः ठरवलेलं बरं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. ॲडम्स फिल्मवर काम करत आणि सावलीतला तपशील आधी सांभाळत. डिजिटलमध्ये उलट: उजेडातला तपशील एकदा गेला की परत येत नाही, म्हणून तो आधी जपा.

नव्या मुलांना मी एकच सराव सुचवतो. महिनाभर रोज एक पांढरी, एक काळी आणि एक करडी वस्तू घ्या. खटका दाबण्याआधी सांगा, की कॅमेरा किती चुकेल आणि कोणत्या बाजूला. मग स्क्रीनवर तपासा. ज्या दिवशी हा अंदाज न थांबता बरोबर यायला लागेल, त्या दिवसापासून ऑटो मोडवर बिनधास्त काम करा, पैसेही घ्या. डायलवर कोणतं अक्षर होतं, हे गिऱ्हाईक कधीच विचारत नाही. शालूची जर जशी होती तशी दिसतेय ना, एवढंच ते पाहतं.