वकील आडनावाचे डॉक्टर आणि स्वीडनचे ससे

आमचे आजोबा गप्प बसलेले असले तरी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांवर फिरत राहायचा. सुरुवातीला घरात सगळ्यांना वाटलं, माळ हातात न घेताच आजोबा रोझरी म्हणतायत. आजी तर खूश झाली. कारण पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये जन्मभर रात्रपाळ्या केलेला हा माणूस रोझरीच्या वेळी हमखास पेंगायचा. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की हा पार्किन्सन, म्हणजे आपला कंपवात. मेंदूतल्या काही पेशी हळूहळू मरत जातात आणि डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं. आता आजोबा दिवसातून तीनदा लेवोडोपाची गोळी घेतात. त्या गोळीचा माग काढता काढता मी मुंबईच्या एका डॉक्टरांपर्यंत पोचले.

त्यांचं नाव रुस्तुम जाल वकील. (वर्गातल्या मैत्रिणीला नाव सांगितलं तर तिनं विचारलं, हायकोर्टात होते का.) जन्म मुंबईत, १९११ साली, पारशी घरात. लंडनला वैद्यकी शिकून ते परतले आणि केईएम हॉस्पिटलमध्ये हृदयरोगाचे डॉक्टर म्हणून नावारूपाला आले. त्या काळी वाढलेल्या रक्तदाबावर धड औषधच नव्हतं. मीठ तोडा, पडून राहा, आणि फारच झालं तर नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं.

आपल्याकडे मात्र सर्पगंधेची मुळी होती. वैद्य ती सापाच्या विषावर आणि वेडावर देत आले होते. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी तिच्याबद्दल लिहिलं, नंतर चोप्रांनी प्राण्यांवर तपासणी केली. पण जगाचं लक्ष गेलं ते वकिलांमुळे. मुळी चांगली आहे, आजीबाई सांगते, एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. वर्षानुवर्षं त्यांनी रोग्यांना ती दिली, दाब मोजला, नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ५० रोग्यांची हकीकत छापली. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ती वाचून स्वतःच्या रोग्यांना मुळी द्यायला सुरुवात केली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्याच मुळीतून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. मला वकिलांचं हेच आवडतं. परंपरेपुढे हात जोडून ते थांबले नाहीत आणि तिला नाकही मुरडलं नाही. तिला सरळ केस पेपरवर घेतलं!

पण मुळीचा दुसरा चेहराही होता. रिसर्पिन जास्त झालं की दाबाबरोबर माणसाचं मनही उतरायचं. काहींचे हात कापायला लागायचे, चाल अडखळायची, थेट आमच्या आजोबांसारखी. असं का होतं, हा प्रश्न उरला.

आणि मग आलं १९५७. त्या वर्षी वकिलांना अमेरिकेत लास्कर पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना रिसर्पिन टोचलं. ससे कान पाडून, डोळे मिटून गोळा होऊन बसले. मग त्यांना डोपा दिलं, आणि थोड्याच वेळात ससे डोळे उघडून कान ताठ करून इकडे तिकडे बघायला लागले. दोन्ही अवस्थांचे फोटो आहेत. पहिला बघून मला हसू आलं, कारण तो ससा हुबेहूब सोमवारी पहिल्या तासाला बसलेल्या आमच्या वर्गासारखा दिसतो. मग लक्षात आलं की तो पेंगलेला नाही, त्याला हलताच येत नाहीये. हसू तिथेच जिरलं. आजोबा सकाळी पलंगाच्या कडेला असेच बसलेले असतात, उठायचं मनात असूनही.

त्या सशांमुळे कळलं की रिसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं आणि डोपा तो परत भरतं. १९६१ मध्ये व्हिएन्नात कंपवाताच्या रोग्यांना डोपा देऊन पाहिलं. १९६७ मध्ये कोत्झियास यांनी मोठ्या मात्रेचा उपचार दाखवला. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. सशांना काही मिळालं नाही. ते योग्य होतं का, यावर मी मैत्रिणींशी पुष्कळ वाद घातलाय आणि दर वेळी आजोबांच्या गोळीपाशी येऊन अडकलेय. ज्याच्या घरात ती गोळी नाही त्याला यावर ठाम बोलणं सोपं जातं, असं माझं मत.

वकील १९७४ मध्ये गेले. पद्मभूषण, भटनागर पुरस्कार, सगळं झालं होतं. रिसर्पिन आता फारसं कुणी देत नाही, रक्तदाबावर त्याहून बऱ्या गोळ्या आल्यात.

ही सगळी गोष्ट मी आजोबांना सांगितली. वकिलांचं त्यांनी शांतपणे ऐकलं, पण सशांचं तीनदा विचारलं. हल्ली सकाळची गोळी घेऊन अर्धा तास झाला, पाय मोकळे झाले, की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात आणि डोक्यावर दोन बोटं ताठ धरून आजीला दाखवतात. मग आजी चहा ठेवते.