बाबासाहेबांना घर नाकारणारी मानसिकता आजही जिवंत!

अंधेरी असो, बोरिवली असो, घाटकोपर असो की मुलुंड, स्टेशनपासून चालत पाच-दहा मिनिटांवर भाड्याची जागा पाहायला आपला समाजबांधव गेला की एजंट पगार नंतर विचारतो, आडनाव आधी विचारतो. आडनावावरून अंदाज आला नाही तर मटण-मच्छी खाता का, अशी चौकशी होते. मग जागा कालच गेली, असे सांगितले जाते. डिपॉझिट तयार, नोकरी पक्की, तरी घर नाही! वकिली करताना अशा कहाण्या आम्ही नेहमी ऐकतो आणि दरवेळी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आयुष्य डोळ्यांसमोर उभे राहते. कारण घरासाठीची ही वणवण त्यांच्याही वाट्याला आली होती.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत जन्मलेला सुभेदार रामजींचा हा मुलगा परळच्या डबक चाळीतील एका खोलीत राहून शिकला. पुढे कुटुंब पोयबावाडीतील बी.आय.टी. चाळीत आले. ही चाळ १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, म्हणजे सार्वजनिक संस्थेची होती, खासगी मालकाची नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे!

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांना कोणी जात विचारली नाही. १९१७ साली परत येऊन ते करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, पण त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीत निघण्याच्या वेळी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याचा हुकूम झाला. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही आपल्या घरात आसरा दिला नाही. एवढा मोठा विद्वान कामाठी बागेत झाडाखाली बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला! नाव लपवून मिळालेले छप्पर किती दिवस टिकते, हे बडोद्याने शिकवले.

मुंबईत परळची तीच चाळ त्यांचा आधार ठरली. दुसऱ्या मजल्यावरील ५० आणि ५१ या दोन खोल्यांत संसार आणि चालत जाण्याच्या अंतरावर दामोदर हॉलमध्ये कार्यालय. १९२७ चा महाडचा संग्राम आणि गोलमेज परिषद यांच्या काळात त्यांचे बिऱ्हाड याच चाळीत होते. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी स्वतःच्या मालकीचे राजगृह बांधले, ते मुख्यतः ग्रंथांसाठी. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव त्याला दिले. ज्याला बडोद्यात कोणी भाडेकरू म्हणून घेतले नाही, त्याने मुंबईत चारमिनार नावाची दुसरी इमारत भाड्याने देण्यासाठी उभारली!

पण स्वतःच्या घरावर ते थांबले नाहीत. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले, तेच आजचे कलम १७. त्याच दिवशी दुकान या शब्दाचा व्यापक अर्थही बाबासाहेबांनी सभेला समजावून दिला. याच कलमाच्या आधारे १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्यास किंवा तिथे राहण्यास मज्जाव करणे हा त्याच्या कलम ४ प्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि दंड. आणि कलम १२ सांगते की पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर हे कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरील. तसे नव्हते, हे आरोपीने सिद्ध करायचे! १९९० साली अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांचाही समावेश झाला. मग हे हत्यार आपण गंजत का ठेवायचे?

वाट सोपी नाही, हे आम्ही जाणतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या प्रकरणात सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. म्हणजे सहकाराच्या नावाखाली दार बंद ठेवण्याला मान्यता मिळाली. २०२३ साली मुलुंडमध्ये एका मराठी महिलेला मराठी म्हणून ऑफिसची जागा नाकारल्याचे प्रकरण गाजले. लोक संतापले, आणि तो संताप रास्तच होता. पण बौद्ध म्हणून घर नाकारले जाते तेव्हा हाच महाराष्ट्र गप्प का बसतो? खासगी घरभाड्यातील सर्व प्रकारच्या भेदभावाला बंदी करणारा स्पष्ट कायदा झाला पाहिजे, ही मागणी आता प्रत्येक निवडणुकीत उमेदवारासमोर ठेवली पाहिजे.

तोपर्यंत समाजबांधवांनो, आडनाव लपवू नका. एजंटचे मेसेज पुसू नका, नकाराचे कारण लेखी मागा, साक्षीदार सोबत न्या आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. कामाठी बागेतून उठलेल्या महामानवाने रडत बसायला नव्हे, लढायला शिकवले आहे.

जय भीम!