डॉ. कमला सोहोनी : प्रयोगशाळेचे दार उघडणारी जीवरसायनशास्त्रज्ञ

सजीवांच्या शरीरात चालणाऱ्या रासायनिक क्रियांचा शोध घेणारे जीवरसायनशास्त्र हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अगदी तरुण शास्त्र होते. शरीरक्रियाविज्ञान आणि रसायनशास्त्र यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या या विषयात एका मराठी तरुणीने १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. त्या म्हणजे पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, अर्थात डॉ. कमला सोहोनी. विज्ञान विषयात पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून डी.एस्सी. ही पदवी घेतली होती, हेही येथे नमूद करायला हवे. मात्र पहिलेपणाचा मान बाजूला ठेवला तरी कमलाबाईंच्या कार्याचे मोल कमी होत नाही.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे एका सुविद्य मराठी कुटुंबात झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजेच आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिक्षण घेतलेल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांमध्ये त्यांची गणना होते. ख्यातनाम लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या भगिनी. एका बहिणीने साहित्य व संस्कृतीचा, तर दुसरीने विज्ञानाचा मार्ग धरला. परंतु स्वतंत्र बाणा आणि अन्यायापुढे मान न तुकवण्याची वृत्ती दोघींतही सारखीच होती.

मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. झाल्यावर, वडील व काका ज्या संस्थेत शिकले तेथेच संशोधन करावे, असे त्यांनी ठरवले. त्यांनी बंगळूरला अर्ज केला. नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन त्याच वर्षी संस्थेचे संचालक झाले होते. गुणवत्ता असूनही कमलाबाईंचा अर्ज नाकारण्यात आला. त्या स्त्री आहेत, एवढेच कारण त्यामागे होते.

देशात तेव्हा सत्याग्रहाचे वारे वाहत होते. कमलाबाईंनी बंगळूर गाठले आणि संचालकांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह आरंभला. अखेर त्यांना प्रवेश मिळाला, पण तो अटींसह. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तितका वेळ, गरज पडल्यास रात्री उशिरापर्यंत, काम करावे लागणार होते. त्यांच्या वावरामुळे प्रयोगशाळेतील पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, अशीही अट होती. या अटी त्यांनी मान्य केल्या, पण त्यांतील अपमान त्या कधीही विसरल्या नाहीत. उतारवयात या प्रसंगाविषयी बोलतानाही त्यांनी ही खंत स्पष्टपणे व्यक्त केली होती.

बंगळूरमध्ये श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे, परंतु ज्ञानदानात हात आखडता न घेणारे मार्गदर्शक त्यांना लाभले. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी काम केले. ज्या देशात बहुसंख्य लोकांची प्रथिनांची गरज डाळींवर भागते, तेथे या विषयाचा संबंध थेट जनतेच्या ताटाशी होता. वर्षभरातील त्यांचे काम पाहून संचालकांचे समाधान झाले आणि संस्थेत स्त्रियांना प्रवेश मिळण्याचा मार्ग खुला झाला. या संशोधनावर कमलाबाईंना १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी विशेष प्राविण्यासह मिळाली.

पुढील अभ्यासासाठी शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळालेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची तेथील प्रयोगशाळा म्हणजे जीवरसायनशास्त्राचे जणू माहेरघर होते. प्रारंभी डेरेक रिक्टर यांच्या हाताखाली आणि ते अन्यत्र गेल्यावर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी काम केले. प्रकाशसंश्लेषणाच्या अभ्यासातील ‘हिल अभिक्रिया’ ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे हिल.

कमलाबाईंच्या प्रबंधाचा विषय वनस्पतींच्या श्वसनाशी निगडित होता. सजीवांच्या पेशी अन्नघटकांचे ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतात. या साखळीत इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवले जातात आणि शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. ‘सायटोक्रोम सी’ हे लोहयुक्त प्रथिन या साखळीतील एक महत्त्वाचा दुवा आहे. प्राण्यांच्या व यीस्टच्या पेशींतील सायटोक्रोमचा अभ्यास केंब्रिजमध्येच डेव्हिड कीलिन यांनी १९२० च्या दशकात केला होता. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंनी वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते आणि त्यांच्या श्वसनात ते सहभागी असते, हे दाखवून दिले. वरकरणी अगदी भिन्न भासणाऱ्या सजीवांमध्ये श्वसनाची मूलभूत यंत्रणा समान आहे, या विचाराला त्यामुळे बळकटी मिळाली.

सुमारे चौदा महिन्यांत पूर्ण झालेला हा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. पानांची संख्या नव्हे, तर निष्कर्षाचे वजन महत्त्वाचे, याचे हे उत्तम उदाहरण ठरावे. त्या काळी केंब्रिजमध्येही समानता नव्हती. स्त्रियांना तेथे नाममात्र पदव्या दिल्या जात आणि विद्यापीठाचे पूर्ण सदस्यत्व त्यांना १९४८ मध्ये मिळाले. म्हणजे बंगळूरमध्ये जो भेदभाव उघडपणे वाट्याला आला, तो केंब्रिजच्या नियमांतही होताच.

१९३९ मध्ये मायदेशी परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे आली. त्यानंतर कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून त्यांनी जीवनसत्त्वांच्या परिणामांचा अभ्यास केला. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला हलवण्यात आली आणि राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून नावारूपास आली. १९४७ मध्ये विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. येथील विज्ञान संस्थेच्या जीवरसायनशास्त्र विभागात त्यांनी प्राध्यापक म्हणून विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या घडवल्या.

या काळातील त्यांचे संशोधन सामान्य माणसाच्या अन्नाभोवती फिरत राहिले. प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराच्या कार्यात अडथळा आणणारे घटक कडधान्यांत असतात. अशा घटकांवर त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम केले. कडधान्ये नीट शिजवल्यावर हे घटक बहुतांशी निष्प्रभ होतात. घराघरांतील गृहिणींच्या सवयीमागचे शास्त्र त्यातून उलगडते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा या पेयाचा अभ्यास हाती घेतला. नीरा आणि तिच्यापासून केलेला गूळ यांचा कुपोषित आदिवासी मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात उपयोग होऊ शकतो, असे या कामातून पुढे आले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार देण्यात आला. आरे दुग्ध प्रकल्पालाही त्यांच्या सल्ल्याचा लाभ झाला.

एवढे कर्तृत्व असूनही विज्ञान संस्थेच्या संचालकपदासाठी त्यांना काही वर्षे तिष्ठत राहावे लागले. अखेर ते पद त्यांना मिळाले आणि १९६९ मध्ये त्या निवृत्त झाल्या. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय ग्राहक मार्गदर्शक संस्थेच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. अन्नातील भेसळ ओळखण्याच्या सोप्या पद्धती त्यांनी लोकांपर्यंत पोहोचवल्या, लेख लिहिले आणि १९८२-८३ मध्ये संस्थेचे अध्यक्षपदही भूषवले.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नवी दिल्लीत त्यांचा सत्कार आयोजित केला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले. त्याआधी दोनच वर्षे, १९९६ मध्ये, पेशींच्या नियोजित मृत्यूतही सायटोक्रोम सीची निर्णायक भूमिका असल्याचे उघड झाले होते. त्यांनी तरुणपणी बटाट्याच्या पेशींत ज्याचा माग काढला, ते प्रथिन आज कर्करोगाच्या संशोधनातही महत्त्वाचे ठरले आहे.

आज देशभरातील विद्यापीठांतून जीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्रात संशोधन करणाऱ्या तरुणींची संख्या मोठी आहे. प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्यासाठी त्यांना कोणाच्या दारासमोर सत्याग्रह करावा लागत नाही. मात्र गुणवत्तेच्या बळावर मिळवलेल्या प्रवेशापाठोपाठ योग्य वेळी योग्य पदही मिळावे, ही कमलाबाईंची अपेक्षा त्यांच्या स्वतःच्या बाबतीत उशिराच पूर्ण झाली. नव्या पिढीच्या वाट्याला हा विलंब येऊ नये, याची जबाबदारी आजच्या संस्थांवर आहे.