स्वतःचे यंत्र बाजूला ठेवणारा तारांचा शिल्पकार : डॉ. विल्यम ब्रुक ओशॉनेसी

बेंगळुरू : मोबाइल दूरसंचाराची जागतिक मानके ठरविणाऱ्या ‘थ्रीजीपीपी’ या संघटनेच्या कार्यगटांच्या बैठका ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरूत झाल्या. सहाव्या पिढीच्या मोबाइल सेवेत फोन आणि मनोरा यांनी परस्परांशी कोणत्या पद्धतीने संवाद साधावा, याचा विचार तेथे झाला. अशा बैठकांना प्रत्येक कंपनी आपापली पद्धत घेऊन येते आणि बहुतेकींना ती तेथेच सोडून परतावे लागते. याच शहरातून सुमारे १७० वर्षांपूर्वी मुंबई आणि मद्रास यांना जोडणारा तारमार्ग गेला. तो उभारणारे डॉ. विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांच्यावरही असाच प्रसंग आला होता. सोडून द्यायची होती ती त्यांची स्वतःचीच निर्मिती.

ओशॉनेसी हे मुळात डॉक्टर. आयर्लंडमधील लिमरिक येथे त्यांचा जन्म झाला आणि एडिंबरा विद्यापीठातून १८२९ मध्ये त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. १८३१-३२ मध्ये इंग्लंडात पटकीची साथ पसरली, तेव्हा त्यांनी रुग्णांच्या रक्ताचे रासायनिक पृथक्करण केले. रक्तातील पाणी आणि क्षार झपाट्याने घटतात, असे त्यांना आढळले. ते शिरेवाटे परत द्यावेत, असेही त्यांनी सुचविले. स्कॉटलंडमधील डॉ. थॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये हा उपचार करून पाहिला. आज प्रत्येक रुग्णालयात दिसणाऱ्या सलाइनच्या बाटलीचा उगम येथे आहे. एखाद्याचे नाव राहण्यास एवढेही पुरेसे होते.

१८३३ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत कलकत्त्याला आले आणि पुढे तेथील वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. भांगेच्या औषधी गुणांवरील त्यांच्या अभ्यासाची आजही चर्चा होते. त्यामानाने त्यांनी तयार केलेल्या ‘बेंगॉल फार्माकोपिया’ची आठवण कमी निघते. १८४४ च्या या ग्रंथाने औषधे कशी सिद्ध करावीत, याचे नियम एका ठिकाणी आणले. त्याच सुमारास ते कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूचा कस पाहणारे अधिकारी झाले. औषधाचे प्रमाण काय, चांदीचा कस किती, हे सर्वांना मान्य होईल अशा मापाने ठरविणे हेच त्यांचे काम होते. तारायंत्राकडे ते वळले, ते ही सवय अंगी मुरलेली असताना.

तारेचे वेड मात्र त्याआधीचे. १८३९ मध्येच त्यांनी कलकत्त्याजवळ कित्येक मैल लांबीची प्रायोगिक तार टाकून संदेश पाठविले होते. सरकारने त्याची फारशी दखल घेतली नाही आणि दहा वर्षे हा विषय मागे पडला. लॉर्ड डलहौसी यांनी तो पुन्हा उचलला. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर हा मार्ग सुरू झाला. डायमंड हार्बरहून पहिला संकेत पाठविला तो टांकसाळीतील त्यांचे सहकारी शिवचंद्र नंदी यांनी. तारखात्याच्या इतिहासात नंदी यांना याहून मोठी जागा मिळायला हवी होती.

नोव्हेंबर १८५३ मध्ये मोठ्या मार्गाचे काम सुरू झाले आणि २४ मार्च १८५४ रोजी आग्र्याहून कलकत्त्याला, सुमारे ८०० मैलांवर, संदेश पोहोचला. आग्र्याहून मुंबई, मुंबईहून बंगळूरमार्गे मद्रास अशी वाट पुढे वाढत गेली. १ फेब्रुवारी १८५५ पासून जनतेलाही पैसे भरून तार करता येऊ लागली.

हे सारे उभारताना ओशॉनेसी यांनी युरोपची नक्कल केली नाही. बारीक तारेऐवजी त्यांनी जाड लोखंडी सळई वापरली. माकडे लोंबकळली, वादळ आले, तरी ती टिकावी हा एक हेतू होता. दुसरा हेतू शास्त्रीय होता. जाड सळईतून वीज सहज वाहते, त्यामुळे पावसाळ्यात ओल्या खांबांतून थोडी गळाली तरी संदेश पुढे पोहोचतो. खांब जेथे जे मिळेल त्याचे. कुठे बांबू, कुठे साग, तर दक्षिणेत ग्रॅनाइटचा दगड.

संदेश वाचण्याचे यंत्रही त्यांचेच. त्यात एक छोटी सुई डावी-उजवीकडे हलत असे आणि त्या हालचालींतून अक्षरे ओळखायची. यंत्र स्वस्त होते, इथल्याच कारागिरांना बनविता येण्याजोगे होते. पण सुई हलली की खूण पुसली जाई. एकाने पाहून सांगायचे, दुसऱ्याने लिहून घ्यायचे. चूक झाली तर ती कोणाची, याचा पुरावा उरत नसे. मधल्या प्रत्येक ठाण्यावर संदेश उतरवून पुन्हा पाठविला जाई आणि दर वेळी चुकीला वाव मिळे.

जगात तेव्हा ठिकठिकाणी वेगळ्या पद्धती चालू होत्या. इंग्लंडात कुक आणि व्हीटस्टन यांची सुयांची यंत्रे, अमेरिकेत सॅम्युअल मोर्स यांची बिंदू-रेषांची लिपी. जर्मन राज्ये आणि ऑस्ट्रिया यांच्या तारसंघाने १८५१ मध्ये मोर्स पद्धत सामायिक म्हणून स्वीकारली होती. १८५६-५७ मध्ये ओशॉनेसी युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले आणि तेथील तारघरांची पाहणी करून त्यांनी भारतासाठी मोर्सची निवड केली. मोर्स यंत्रात कागदी पट्टीवर खूण उमटत होती, लेखी पुरावा राहत होता. याची किंमत लहान नव्हती. हजारो मैलांच्या मार्गावरची आपलीच यंत्रे मोडीत काढायची आणि आपणच तयार केलेल्या कर्मचाऱ्यांना नवी लिपी पुन्हा पहिल्यापासून शिकवायची होती. ‘सर’ ही पदवी मिळालेल्या, खात्याचा सर्वेसर्वा असलेल्या अधिकाऱ्याला आपलेच यंत्र रेटत राहणे मुळीच अवघड नव्हते. १८५७ च्या उठावाला तोंड फुटले तेव्हा ते भारताबाहेर होते. ठिकठिकाणी तुटलेले मार्ग नंतर पुन्हा उभारावे लागले.

या निर्णयाचे मोल पुढच्या दशकात कळले. १७ मे १८६५ रोजी पॅरिसमध्ये २० देशांनी आंतरराष्ट्रीय तारसंघ स्थापन केला आणि मोर्स ही त्याची समान लिपी ठरली. कराचीपासून इराणच्या आखातातून टाकलेली समुद्री तार १८६४ मध्येच झाली होती. तरी इंग्लंड-भारत संदेशांची रड संपली नव्हती. वाटेवरच्या कारकुनांना इंग्रजी येत नसल्याने मजकूर विद्रूप होऊन पोहोचे. लिपी एक झाली, तरी भाषा आणि शिस्त एक व्हायला वेळ लागतोच. इंग्लंडातील तारसेवा तेव्हा खासगी कंपन्यांच्या हाती होती. त्यामुळे १ जानेवारी १८६९ पासून संघात स्थान मिळाले ते ब्रिटिश भारताला, इंग्लंडच्याही आधी.

ओशॉनेसी तोवर निवृत्त झाले होते. १८६० मध्ये त्यांनी भारत सोडला, पुढच्याच वर्षी ब्रुक हे आडनाव धारण केले आणि सार्वजनिक जीवनातून ते जवळजवळ नाहीसे झाले. त्यांच्या जाड सळयांची जागा पुढे बारीक तारांनी घेतली. जानेवारी १८८९ मध्ये इंग्लंडमधील साउथसी येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी निवडलेल्या मोर्स लिपीचे कट्ट-कडकट्ट तेव्हाही भारतातील तारघरांत ऐकू येत होते.