देवळामागचे कीर्तन

हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. १२७० साली शिंपी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. गोणाई आणि दामाशेटी या मातापित्यांच्या घरी विठ्ठलभक्ती होती. नामदेवांचे बरेच आयुष्य पंढरपुरात गेले. परंतु त्यांच्या विचारांना वळण लागले ते याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे.

संतमेळ्यात गोरोबाकाकांनी त्यांना कच्चे मडके ठरवले, अशी आख्यायिका आहे. गुरूच्या शोधात ते औंढ्यास आले, तेव्हा विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते. पाय हलवावेत तेथे पिंडच प्रकटे. देवाविना रिती जागा नाही, हा बोध नामदेवांना झाला.

याच देवळाशी दुसरी कथा जोडलेली आहे. कीर्तनात रंगलेल्या नामदेवांना हीन जातीचा म्हणून पुजाऱ्यांनी उठवले. घोंगडी घेऊन ते मागील बाजूस जाऊन बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. चमत्कार बाजूला ठेवला, तरी अपमानाची साक्ष उरते. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांत हा प्रसंग आला आहे. शिंप्याच्या कुळात जन्म का दिलास, असे ते देवालाच विचारतात. भक्ताला हाकलल्याने देवाचीच लाज जाते, हेही त्याला बजावतात.

उंबरठ्याबाहेर ठेवलेल्या माणसाला आतील व्यवहार अधिक स्वच्छ दिसतो. पुजाऱ्यांची सत्ता देवाच्या नावावर उभी आहे, हे नामदेवांनी ओळखले आणि दाद त्या देवाकडेच मागितली. धर्म त्यांनी सोडला नाही. त्याच्याच कसोटीवर त्याच्या रक्षकांना उभे केले.

ही जाणीव स्वतःपुरती राहिली नाही. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असताना चोखामेळा दरडीखाली गेले. परंपरा सांगते की, नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. पुढे १३५० साली नामदेवांनीही तेथेच पायरीची जागा घेतली.

चोखोबांच्या समाजाला मात्र ती पायरी ओलांडण्यासाठी साने गुरुजींच्या १९४७ मधील उपोषणापर्यंत थांबावे लागले. औंढ्याचे देऊळ कथेत क्षणात फिरले. पंढरीचे दार उघडण्यास सहा शतके लागली.