विश्लेषण : बंद झालेल्या ट्रान्झिस्टरला पर्याय शोधताना जॉन्सन का आठवावेत?

जुना अ‍ॅम्प्लिफायर किंवा रेकॉर्ड प्लेयरचा प्रीअ‍ॅम्प दुरुस्तीला काढला, की अनेकदा गाडी तीन पायांच्या एका चिमुकल्या भागापाशी अडते. कमी खरखरीसाठी नावाजलेले तोशिबाचे ‘२एससी२२४०’ किंवा ‘२एसके१७०’ यांसारखे ट्रान्झिस्टर आता बनत नाहीत. त्याच क्रमांकाचे बनावट भाग मात्र ऑनलाइन बाजारात फिरतात. मग पर्याय निवडायचा कशाच्या आधारे? या प्रश्नाचा पाया ट्रान्झिस्टर जन्माला येण्याच्या वीस वर्षे आधी जॉन बी. जॉन्सन या भौतिकशास्त्रज्ञाने घालून ठेवला होता.

हे भाग बंद का झाले?

लांब पायांचे सुटे ट्रान्झिस्टर वापरण्याचे प्रमाण घटले. छोट्या संकेतांचे काम बहुतांशी एकात्मिक चिपकडे गेले आणि उरलेले सुटे भाग बोर्डच्या पृष्ठभागावर थेट चिकटणाऱ्या आकारात बनू लागले. मागणी कमी झाल्यावर कंपन्यांनी एकेक क्रमांक यादीतून काढला. पण त्या भागांवर आधारलेली यंत्रे आजही घराघरांत वाजत आहेत.

जॉन्सन कोण होते?

जॉन्सन यांचा जन्म २ ऑक्टोबर १८८७ रोजी स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे झाला. १९०४ मध्ये, किशोरवयातच ते अमेरिकेत आले. नॉर्थ डकोटा विद्यापीठात शिकून त्यांनी १९१७ मध्ये येल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत नोकरी धरली. कंपनीचा हा संशोधन विभाग १९२५ मध्ये बेल प्रयोगशाळा म्हणून ओळखला जाऊ लागला. कमी व्होल्टेजवर चालणारी कॅथोड किरण नळी हे त्यांचे सुरुवातीचे मोठे काम. विद्युतलहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप सोपा आणि सुटसुटीत होण्यास त्यामुळे मदत झाली.

खरखरीकडे ते कसे वळले?

१९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को दूरध्वनी सुरू झाला होता. एवढ्या लांबवर आवाज पोहोचवायचा तर वाटेत तो व्हॅक्यूम ट्यूबने पुन्हा पुन्हा वाढवावा लागे. त्याबरोबर खरखरही वाढे. ही खरखर येते कुठून, हा कंपनीसाठी पैशांचा प्रश्न होता. जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर शॉट्की यांनी १९१८ मध्ये एक कारण दाखवले होते. वीजप्रवाह सुट्या इलेक्ट्रॉनचा बनलेला असल्याने पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा त्याचाही आवाज होतो.

जॉन्सन यांनी हे मोजून पाहिले. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात एक अनपेक्षित गोष्ट होती. कमी वारंवारितेला खरखर शॉट्की यांच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त भरत होती आणि ती कॅथोडच्या पृष्ठभागानुसार बदलत होती. हीच पुढे ‘फ्लिकर’ खरखर म्हणून ओळखली गेली.

त्यांचे नाव ज्या शोधाला लागले, तो कोणता?

ट्यूबची खरखर बाजूला काढल्यावरही काहीतरी उरत होते. ते ट्यूबमधून नव्हे, तर तिच्या तोंडाशी जोडलेल्या साध्या रोधातून येत होते. त्याला कोणतीही बॅटरी जोडलेली नसतानाही! जॉन्सन यांनी कार्बनपासून मिठाच्या द्रावणापर्यंत निरनिराळे वाहक तपासले. द्रव हवेच्या कडाक्यापासून उकळत्या पाण्यापर्यंत तापमान बदलून पाहिले. पदार्थ कोणता, याने फरक पडेना. खरखर ठरत होती ती रोध, तापमान आणि मोजणीचा वारंवारितेचा पट्टा या तीनच गोष्टींवर. उष्णतेमुळे वाहकातील विद्युतभार सतत हलत असतात आणि आपण ऐकतो ती त्यांची हालचाल, असा याचा अर्थ होता.

जॉन्सन यांनी हे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांना सांगितले. नायक्विस्टही स्वीडनहून आलेले, नॉर्थ डकोटात शिकलेले आणि १९१७ मध्येच येलची डॉक्टरेट मिळवलेले. त्यांनी उष्मागतिकीच्या नियमांवरून या निरीक्षणाचे सूत्र मांडले. दोघांचे निबंध जुलै १९२८ च्या ‘फिजिकल रिव्ह्यू’त एकापाठोपाठ एक छापून आले. भौतिकशास्त्रातील बोल्ट्झमन स्थिरांकाची किंमतही जॉन्सन यांनी या खरखरीवरूनच काढली. ती आजच्या किमतीपेक्षा सुमारे ८ टक्के कमी होती.

याचा ट्रान्झिस्टरशी संबंध काय?

१९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेतच ट्रान्झिस्टर बनला, तेव्हा जॉन्सन तिथेच काम करत होते. उपकरण नवे असले तरी खरखरीची कारणे जुनीच राहिली. ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये थोडा अंतर्गत रोध असतो आणि तो इतर कोणत्याही रोधाप्रमाणे खरखर करतो. आतील प्रवाहांचा शॉट्की यांनी सांगितलेला आवाज असतो आणि पृष्ठभागावरील दोषांमुळे फ्लिकरही असते. यातील पहिल्या दोन गोष्टी कागदावर हिशेबाने निघतात. तिसरी कारखान्यातील सफाईवर ठरते. ती मोजूनच कळते.

मग पर्याय कसा निवडायचा?

आधी संकेत कुठून येतो ते पाहावे. २०० ओहमचा मायक्रोफोन खोलीच्या तापमानाला, २० हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, स्वतःच सुमारे पाव मायक्रोव्होल्ट खरखर देतो. कोणताही ट्रान्झिस्टर ती कमी करू शकत नाही. त्यात फार भर पडू नये, एवढेच आपल्या हाती असते.

रेकॉर्ड प्लेयरचे मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज १० ओहमचे असेल आणि बेसचा रोध ४० ओहम असेल, तर बेसची खरखर शक्तीच्या मापाने कार्ट्रिजच्या चौपट होते. इथे कमी बेस रोधाचा भाग आणि जास्त कलेक्टर प्रवाह हवा. १ मिलिअँपिअरला प्रवाहाची खरखर १३ ओहमच्या रोधाएवढी असते, तर ०.१ मिलिअँपिअरला १३० ओहमएवढी. म्हणूनच ‘झेडटीएक्स८५१’सारखा काही अँपिअर वाहून नेणारा दणकट ट्रान्झिस्टरही इथे कामी येतो. तो कमी खरखरीसाठी बनवलेला नाही, पण त्याचा बेस रोध फार कमी आहे.

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा रोध जास्त असतो. तिथे बेसमधील प्रवाहच त्रास देतो. त्यामुळे जास्त गेनचा भाग कमी प्रवाहावर चालवणे बरे.

त्यानंतर व्यवहाराच्या गोष्टी. ‘२एससी२२४०’ १२० व्होल्ट सोसतो, तर खरखरीच्या बाबतीत चांगला असलेला ‘बीसी५५०’ फक्त ४५. दोघांच्या पायांचा क्रमही वेगळा आहे. ‘केएससी१८४५’ १२० व्होल्टचा आहे आणि त्याचा क्रमही मूळ भागासारखाच आहे. ‘२एसके१७०’च्या जागी ‘एलएसके१७०’ मिळतो, पण प्रवाहाची श्रेणी जुळवून घ्यावी लागते. फ्लिकरसाठी मात्र चार-पाच नग आणून, एकेक लावून ऐकणे हाच खात्रीचा मार्ग. आणि संकेताच्या वाटेत आधीच १ किलोओहमचा रोध बसलेला असेल, तर महागडा ट्रान्झिस्टर शोधून काहीही साधत नाही. आधी तो रोध पाहावा.

जॉन्सन यांचे पुढे काय झाले?

१९५२ मध्ये बेलमधून निवृत्त झाल्यावरही ते थांबले नाहीत. न्यू जर्सीत एडिसन यांच्या नावाने चालणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन सुरू ठेवले. २७ नोव्हेंबर १९७० रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. खरखरीच्या संशोधनाच्या पहिल्या दोन दशकांवर त्यांनी लिहिलेला लेख फेब्रुवारी १९७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. ‘२एससी२२४०’ची जागा दुसरा क्रमांक घेईल, उद्या तोही बंद होईल. त्याचा पर्याय शोधतानाही रोध, प्रवाह आणि पृष्ठभाग यांचाच हिशेब मांडावा लागेल.